तबकडीखालची मोटर

रेकॉर्डला मिनिटाला 33⅓ फेरे हवेत आणि जुन्या प्लेअरची मोटर तर हजार-दीड हजार फेरे घेणारी. वेग उतरवायला मध्ये रबरी चाक किंवा पट्टा असे. चाकातून मोटरची घरघर सुईपर्यंत पोचे आणि पट्टा कालांतराने सैल पडे. त्यातून वेग बांधलेला विजेच्या फ्रिक्वेन्सीला. जपानच्या पूर्वेकडे 50 हर्ट्‌झ, पश्चिमेकडे 60. असा 60 हर्ट्‌झचा प्लेअर आपल्या 50 हर्ट्‌झवर लावला, की फेरे 28 च्या आसपास येतात आणि काळी एकमधलं गाणं खालच्या काळी पाचमध्ये उतरतं.

ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीतले इंजिनिअर शुइची ओबाता यांनी मधलं सगळंच काढून टाकलं. मोटर 33⅓ फेऱ्यांवर चालेल इतकी संथ केली आणि तिच्याच आसावर तबकडी बसवली. वेग सांभाळायला इलेक्ट्रॉनिक सर्किट आलं, विजेची फ्रिक्वेन्सी गौण ठरली. टेक्निक्स या नावाने 1970 मध्ये विक्रीला आलेला एसपी-10 तो हाच. 1972 मध्ये एसएल-1200 आला. 1975 च्या एसपी-10 मार्क टूमध्ये क्वार्ट्‌झ होतं, तो पाव सेकंदात पूर्ण वेग गाठे.

1979 चा एसएल-1200 मार्क टू डीजेंनी उचलला, म्हणून पुष्कळजण त्याला नाचगाण्याचं यंत्र समजतात. मला हे अन्यायाचं वाटतं. या घराण्याचा जन्म शांतपणे ऐकण्यासाठीच झाला. मोटर तबकडीला बारीक हिसके देते, हा आक्षेप स्वस्त मॉडेलांच्या बाबतीत खरा आहे. जड तबकडी आणि नेमकं सर्किट असलेल्या यंत्रांना तो सरसकट लावू नये. आपल्या संगीताला तर वेगाची स्थिरता फारच लागते. तानपुऱ्यावर लांबवलेला षड्ज किंचित डोलला तरी कानाला कळतो.

जुना घ्यायचा तर आधी कडेचे स्ट्रोब ठिपके पाहा, ते जागच्या जागी उभे दिसले पाहिजेत. सर्किट दुरुस्त करणारा माणूस गाठीशी हवा, कारण पट्ट्यासारखा हा भाग दुकानात मिळत नाही. एसपी-10 बरोबर टोनआर्म येत नाही, तो खर्च वेगळा. जपानी बाजारासाठीचं यंत्र 100 व्होल्टचं असतं. ट्रान्सफॉर्मरशिवाय ते आपल्या 230 व्होल्टला कधीही जोडू नका. आणि पैसे मोजण्यापूर्वी विलंबित ख्यालाची एक रेकॉर्ड त्यावर लावून पूर्ण ऐका.