दान, धर्मादा आणि दोन टक्के

'सीएसआर' हा शब्द नांदेड-लातूरकडच्या गावांत आता शब्दकोशाची वाट न पाहता रुळला आहे. "शाळेचं कंपाऊंड सीएसआरमधून झालं", "यंदा एखादा सीएसआर बघा की साहेब", अशी वाक्ये मुख्याध्यापकांच्या आणि सरपंचांच्या तोंडी सहज येतात. शासकीय मराठीने त्यासाठी 'व्यावसायिक सामाजिक दायित्व' हा शब्द दिला आहे, काही परिपत्रकांत 'सामाजिक उत्तरदायित्व' असेही असते; पण चावडीवर ते कोणी म्हणत नाही. आणि काम पुरे झाल्यावर भिंतीवर जो फलक लागतो, त्यावर तिसराच शब्द असतो : 'सौजन्याने'.

तो फलक जरा जवळून पाहावा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असते. मोबाईल कंपनीने दिले असेल, तर त्याची पेटी कंपनीच्या रंगात रंगवलेली. वर चिन्ह, खाली 'यांच्या सौजन्याने', त्याखाली उद्घाटनाची तारीख आणि पाहुण्यांची पदासकट नावे; शाळेचे नाव सर्वांत बारीक अक्षरांत. यंत्राची गाळणी कधी बदलायची आणि बिघडल्यास कोणाला कळवायचे, एवढे मात्र फलकावर नसते. 'सौजन्य' हा शब्द 'सुजन'वरून आला. सज्जन माणसाचा स्वभाव तो सौजन्य. नभोवाणी-दूरदर्शनच्या जाहिरातींनी त्याला प्रायोजकाच्या दारी उभे केले, आणि आता पैसे भरणारा तो सुजन, असा त्याचा अर्थ झाला आहे. स्वभावाचा शब्द व्यवहारात आला. बाकीच्या शब्दांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे.

आपल्या देण्याघेण्याच्या शब्दांत 'दा' या संस्कृत धातूचे कुटुंब मोठे आहे : दान, दाता, देणगी, दत्तक, दाय, दायित्व. (पानदान, अत्तरदान यांतले 'दान' वेगळे, ते फारसीतून आले, आणि त्याचा अर्थ ठेवण्याचे भांडे.) मराठीने या कुटुंबात एक खास भर घातली. आपल्याकडे 'देणे' हे क्रियापद आहे, तसेच नामही आहे, आणि नाम म्हणून त्याचा अर्थ थेट कर्ज असा होतो. "त्याचं माझ्याकडे पाचशेचं देणं आहे." "समाजाचं आपण काही देणं लागतो." ज्या शब्दाने भेट द्यायची त्याच शब्दाने कर्ज मोजायचे, ही सोय मराठीची. 'देणगी' आणि 'देणे' यांच्यात एका प्रत्ययाचे अंतर आहे, पण एकीत उपकार आहे आणि दुसऱ्यात हिशेब.

'दत्तक'चेही तसेच. दत्त म्हणजे दिलेला. दत्तक म्हणजे जन्मदात्या आईबापांनी दुसऱ्याच्या ओटीत दिलेला मुलगा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर देशभरातल्या संस्थांनी, उद्योगांनी गावेच्या गावे 'दत्तक' घेतली. तेव्हा भारतात मोबाईल नव्हता. पहिला कॉल व्हायला जुलै 1995 उजाडायचे होते. तरी उद्योगजगताच्या मदतीची आजची बरीचशी भाषा त्याच काळात इथल्या कानांवर पडली. दत्तकविधानात देणारे आणि घेणारे असे दोन पक्ष लागतात. गाव दत्तक गेले खरे, पण ते दिले कोणी, हा प्रश्न व्याकरणाने विचारला तरी उत्तर मिळत नाही.

'दाय' हा शब्द त्याहून जुना आणि आपल्या परिसराच्या अधिक जवळचा. दाय म्हणजे वारशाचा वाटा, दायाद म्हणजे वाटेकरी. लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी. तिथे सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली. तिच्यात दायाची व्याख्या अशी : मालकाशी असलेल्या नात्यामुळेच जे धन दुसऱ्याचे होते ते दाय. मालकाची मर्जी तिथे विचारातच नाही. मुलगा जन्मला की वडिलोपार्जित मालमत्तेत त्याचा वाटा ठरला. 'दायित्व' हे दायाच्याच घरातले. 'उत्तरदायित्व' तर आणखी स्पष्ट. उत्तर देण्याला जो बांधील तो उत्तरदायी.

आता कायदा पाहू. कंपनी कायदा 2013, कलम 135, अंमल 1 एप्रिल 2014 पासून. मागल्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये किंवा त्याहून अधिक, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चायची. सुरुवातीला खर्च न केल्यास कारण सांगून भागत असे. 2021 पासून न खर्चलेली रक्कम ठरलेल्या खात्यात किंवा सरकारी निधीत भरावी लागते. ज्यात मर्जी उरलेली नाही त्याला दान म्हणता येत नाही. शासकीय अनुवादकाने 'दायित्व' हा शब्द निवडला, तो बोजड असला तरी बरोबर आहे.

दानाचा कर होणे किंवा कराने दानाचा वेश घेणे, हे शब्दांच्या जगात नवे नाही. 'जकात' घ्या. अरबी 'जकात'च्या मुळाशी शुद्ध होणे, वाढणे असा अर्थ आहे. संपत्तीचा अडीच टक्के हिस्सा गरजूंना देणे हे मुसलमानाचे धर्मकर्तव्य. तोच शब्द आपल्याकडे राज्यकारभारात शिरला आणि मालावरच्या कराचे नाव झाला. जकात नाक्यावर खोळंबलेल्या ट्रकचालकाला या शब्दात शुद्धी आहे असे सांगितले असते, तर त्याने काय ऐकवले असते ते छापता आले नसते. 'खैरात' दुसऱ्या वाटेने घसरली. खैर म्हणजे भले, खैरात म्हणजे सत्कर्मे. आता 'खैरात वाटली' म्हटले की उधळपट्टीचा वास येतो. निजामी राजवटीतून मराठवाड्यात उरलेला 'मदतमाश' हा शब्द, मदत आणि उपजीविका यांची जोड, आज ऐकू येतो तो मुख्यतः तहसिलीत, इनाम जमिनींच्या वादात. दानाचे शब्द एकतर कचेरीत जातात किंवा टीकेत.

या सगळ्यांत दोन टक्क्यांना सर्वांत जवळचा शब्द मला वाटतो तो आडत बाजारातला 'धर्मादा'. मूळ रूप 'धर्मादाय'. आदाय म्हणजे प्राप्ती, धर्मासाठी बाजूला काढलेली मिळकत. धर्मादाय आयुक्तांच्या पाटीवर तो पुरा लिहिलेला असतो, व्यापाऱ्याच्या तोंडी अंत्य 'य' गळतो. तूर, हरभरा, सोयाबीनच्या व्यापारावर उभ्या असलेल्या लातूरसारख्या पेठेत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. व्यापाऱ्यांच्या जुन्या बिलांत हमाली, तोलाई यांच्या ओळीला 'धर्मादा' म्हणून थोडी रक्कम लावलेली असे. त्यातून पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई चाले. हे पैसे कोणाचे? 1950 च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातले कलम 54 सांगते, की अशी रक्कम वसूल करणारा हा तिचा विश्वस्त असतो. 1979 साली बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले, की धर्मादा ही गिरणीची व्यापारी मिळकत नव्हे. म्हणजे पाणपोई बांधणारा शेठ दाता नव्हे, सांभाळणारा. पैसा गिऱ्हाइकाचा, हात शेठचा. मोबाईल कंपनीचा नफा कायद्याने तिचाच, तो धर्मादा नव्हे हे खरे. पण तो तुमच्या-आमच्या रिचार्जमधून जमतो, आणि त्यातल्या दोन टक्क्यांवर कायद्याने आधीच बोट ठेवले आहे. फलकावर तिने निदान सांभाळणाऱ्याच्या आवाजात बोलावे.

नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांत देणाऱ्याचा आवाज लहान ठेवणारे शब्द तसे शेकडो वर्षांचे आहेत. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या परिसरात लंगर चालतो. फारसीत 'लंगर' म्हणजे जहाजाचा नांगर, आणि सूफींच्या खानकाहातली अन्नशाळाही. शीख परंपरेत त्याला आधार 'दसवंध'चा, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शाचा. पंगतीत पोळीला 'परशादा' म्हणतात आणि ती दोन्ही तळहात पुढे करून घेतात. घेणाऱ्याचे हात परशाद्यापुढे जुळतात. कणिक कोणाच्या गोणीतली, हे पंगतीत कोणी विचारत नाही. लातूरकडच्या लिंगायत घरांत 'दासोह' आहे. बाराव्या शतकात त्याच बसवकल्याणला बसवेश्वरांच्या शरणांनी रूढ केलेल्या या शब्दाचा उगम 'दासोऽहम्', मी दास आहे, असा सांगतात. जेवू घालणाराच स्वतःला दास म्हणवतो. 'सौजन्य' आणि 'दासोह' हे दोन्ही शब्द देण्याचे, पण एकाने देणारा फलकावर चढतो आणि दुसऱ्याने पंगतीत वाढायला वाकतो.

दूरसंचार कंपन्यांवर आणखी एक देणे आहे, आणि त्याचे मूळ नावही वाचण्यासारखे : 'सार्वत्रिक सेवा दायित्व निधी'. जिथे धंदा परवडत नाही अशा भागांत सेवा पोहोचावी, म्हणून कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम परवाना शुल्कातून या निधीत जाते. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले. नव्या नावात 'सेवा' गेली आणि 'दायित्व'ही गेले. राहिला 'निधी', ज्याचा जुना अर्थ पुरून ठेवलेले धन. या निधीतला मोठा हिस्सा वर्षानुवर्षे न खर्चता पडून राहिल्याबद्दल झालेली टीका आठवली, की तो अर्थ अगदीच जुना वाटत नाही. दोन्ही देण्यांत फरक असा, की पाच टक्के महसुलावर आहेत, दोन टक्के नफ्यावर. तीन वर्षांची सरासरी तोट्यात असेल, तर दोन टक्के कशाचे काढणार?

तरी कामे होतात. व्होडाफोन आयडिया फाउंडेशनने 2020 साली नोकियाबरोबर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात शंभर ठिकाणी संवेदक बसवून शेतकऱ्यांना हवामानाचा, पाण्याचा, किडीचा सल्ला मोबाईलवर देण्याचा उपक्रम जाहीर केला. त्यात सोयाबीन आणि कापूस ही आपल्या ओळखीची पिके होती. असे काम स्तुत्यच. पण कायद्यात एक ओळ आहे : कंपनीने आपण जिथे काम करतो त्या स्थानिक भागाला प्राधान्य द्यावे. साखर कारखान्याचा 'स्थानिक भाग' कोणालाही दाखवता येतो. मोबाईल कंपनीचा कोणता? जिथवर तिची रेंज तिथवर तिचे शिवार. मग किनवट-माहूरच्या डोंगरातला पाडा मुंबईच्या मुख्यालयाइतकाच स्थानिक ठरतो. तिथे टॉवर उभारला तर तो मात्र सीएसआर नव्हे. नेहमीच्या धंद्यातले काम नियमांनीच त्यातून वगळले आहे.

म्हणून मुख्याध्यापकांना, सरपंचांना एवढेच सुचवावेसे वाटते. अर्जात 'दान मिळावे' लिहू नका, 'दायित्वातून काम व्हावे' लिहा. कंपनीने आपले सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प संकेतस्थळावर ठेवायचे असतात. ते आधी पाहा. आणि फलकाचा मजकूर ठरेल तेव्हा 'सौजन्याने' खोडून तिथे देखभालीची मुदत आणि तक्रारीचा फोन नंबर घालायला लावा. उत्तरदायित्वातले उत्तर मागायला गावाला कोणाच्या सौजन्याची गरज नाही.