सिलिकॉन व्हॅलीचे जुने रहिवासी

सिलिकॉन व्हॅली म्हटलं की माझ्यासारख्या कोड लिहून पोट भरणाऱ्याला कंपन्याच आठवतात. पण १७९२ साली जॉर्ज व्हँकुव्हर हा इंग्रज दर्यावर्दी घोड्यावरून याच खोऱ्यातून सांता क्लाराला गेला, तेव्हा त्याच्या डोळ्यांत भरले ते ओक वृक्ष. कुणीतरी मुद्दाम बाग लावावी, असे मोकळे उभे.

खरं तर ते राखलेलंच रान होतं. इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक गवत-झुडपं जाळून झाडांखालची जमीन मोकळी ठेवायचे. ओकची फळं, म्हणजे एकॉर्न, कुटायचे, पाण्यानं धुऊन कडवटपणा काढायचे आणि पेज शिजवायचे. १७७७ मध्ये सांता क्लारा मिशन आलं, मग गुरं, मग फळबागा, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर घरंच घरं. बहुतेक ओक गेले. उरलेल्यांपैकी कितीतरी आज लोकांच्या अंगणात आहेत.

आणि तिथे त्यांचा घात होतो, तोही मायेनं! कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. आपल्या बरोब्बर उलट. वैशाखात झाडाला पाणी घालणं हा आपला संस्कार, पण जुन्या ओकला कोरड्या उन्हाळ्याची सवय असते. बुंध्याशी लॉन लावून रोज पाणी दिलं की उबदार, ओल्या मातीत मुळं कुजवणारी बुरशी फोफावते. झाड मरतं, पण इतकं हळू की कारण लक्षातच येत नाही.

मग करायचं काय? बुंध्याजवळचं लॉन काढा. झाडाखाली पडलेली पानं राहू द्या, फक्त बुंध्याला चिकटून ढीग नको. मुळांवर भराव, फरशी, पार्किंग नको. मुळं फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. पाणी द्यायचंच तर हिवाळा कोरडा गेल्यावर, बुंध्यापासून लांब, सावकाश आणि खोलवर.

दक्षिणेकडे लॉस एंजेलिस काउंटीनं १९८२ मध्ये नियमच केला: ८ इंच जाडीचा ओक तोडायला, स्वतःच्या जागेतला असला तरी, परवाना लागतो. पण कायदा कुऱ्हाड थांबवतो, रोज संध्याकाळी सुरू होणारा स्प्रिंकलर थोडीच थांबवणार!

या खोऱ्यात आज बरीच मराठी कुटुंबं घरं घेतात. कर्ज तीस वर्षांचं असतं, अंगणातला ओक दोनशे वर्षांचा असू शकतो. तुमचं कुणी तिथे असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!