बीम नसलेला पीटी स्लॅब : भूकंपात खरी परीक्षा कॉलमच्या जोडाची

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगड-मातीच्या घरांनी माणसं गाडली. आता तालुक्याच्या गावीही मंगल कार्यालय, दवाखाना, मॉल काँक्रीटचे होतात. हॉल मोकळा दिसावा, मध्ये कॉलम कमी यावेत म्हणून काही ठिकाणी बीम नसलेला पीटी स्लॅब सुचवला जातो. स्लॅब चांगलाच असतो, पण भूकंपात तो कुठं दगा देऊ शकतो ते माहीत पाहिजे.

पीटी स्लॅब म्हणजे काय?

पीटी म्हणजे पोस्ट-टेन्शन. साध्या स्लॅबमधली सळई ताण न देता टाकलेली असते. पीटी स्लॅबमध्ये पोलादी केबल टाकतात आणि काँक्रीट पुरेसं पक्कं झालं की जॅक लावून ओढतात. १२.७ मिलिमीटरच्या केबलमध्ये सात तारा असतात आणि तिच्यावर १३-१४ टन ताण येतो. गाडीतला कडबा दोरानं आवळावा तसा स्लॅब आवळला जातो. म्हणून पातळ स्लॅबही लांब अंतर पेलतो.

जोड का तुटतो?

बीम नसला की स्लॅबचा सगळा भार कॉलमभोवतीच्या थोड्याशा काँक्रीटवर येतो. भूकंपात इमारत डोलली की त्याच जागी एका बाजूला भार आणखी वाढतो. ताकद संपली की भाकरीत बोट घुसावं तसा कॉलम स्लॅब फोडून वर निघतो. इंजिनिअर याला ‘पंचिंग’ म्हणतात. वरचा स्लॅब खालच्यावर पडतो आणि मजले एकावर एक बसतात.

१९८५ मध्ये मेक्सिको सिटीत बीम नसलेल्या जाळीदार स्लॅबच्या बऱ्याच इमारती पडल्या. १९९४ मध्ये अमेरिकेत नॉर्थरिज इथं एका मोठ्या दुकानाचे स्लॅब असेच कोसळले. ते स्लॅब पीटी नव्हते, पण कॉलमवरचा जोड तसाच होता.

केबल कशी वाचवते?

केबल कॉलमच्या आतून गेलेली असेल तर पंचिंग झालं तरी स्लॅब तिच्यावर लोंबकळत राहू शकतो, आणि माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. म्हणून अमेरिकेच्या एसीआय नियमात अशा स्लॅबसाठी प्रत्येक दिशेनं किमान दोन केबल कॉलममधून न्यायला सांगितलंय.

वजनाचाही हिशेब आहे. नुसत्या वजनानंच जोडाची ४० टक्क्यांहून जास्त ताकद खाल्ली असेल, तर तो फारसं डोलणं सहन न करता एकदम तुटतो, असं प्रयोगांत दिसलंय. आपल्याकडची आयएस १८९३ (२०१६) ही संहिता फ्लॅट स्लॅबला काँक्रीटच्या शिअर वॉलची जोड धरते आणि पंचिंग टाळायला सांगते.

बांधताना, घेताना हे विचारा

- लिफ्ट-जिन्याभोवती किंवा इतर ठिकाणी शिअर वॉल आहेत का? भूकंपाचा धक्का त्यांनी घ्यायचा असतो.
- प्रत्येक कॉलममधून दोन्ही दिशांनी किती केबल जातात? नकाशात दाखवायला सांगा.
- केबलचा नकाशा जपून ठेवलाय का? तो न बघता पाइपसाठी, एसीसाठी स्लॅबला भोक पाडू नका. ताणलेली केबल तुटली तर जोर कमी होतो आणि कामगाराच्या जिवावर बेततं.
- गच्चीवर नंतर टाकी, माती, विटांची भिंत चढवायचीय? आधी इंजिनिअरकडून हिशेब करून घ्या.