बॅरलचा पत्रा

जुनी गाडी दुरुस्तीला काढली की आधी रंग निघतो आणि मग घरातल्या गोष्टी निघतात. आमच्या एफसी-१५० चं तसंच झालं.

एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. चॅसी जीपचीच, व्हीलबेस ८१ इंचांचा, पण केबिन पुढच्या चाकांवर आणि इंजिन दोन सीटांच्या मध्ये. त्यामुळे एवढ्याशा गाडीलाही मागे चांगला लांब हौदा मिळतो. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ही गाडी आणली. आपल्याकडे महिंद्रांनी १९६५ मध्ये तिचं उत्पादन सुरू केलं आणि १९६८ मध्ये आजोबांनी एक घेतली. गूळ, खत, लग्नाचं वऱ्हाड, काय वाटेल ते तिने वाहिलं. नंतर वीसेक वर्षं ती गोठ्यामागे उभी होती.

केबिनचा तळ दोन्ही बाजूंना, पाय ठेवतात तिथे, सडला होता. डाव्या बाजूचा रंग ग्राइंडरने काढला तर खाली एक जुनं ठिगळ निघालं आणि त्यात एक आडवी फुगीर वळी. गाडीच्या तळात अशी वळी असायचं कारण नाही. मी काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, ते पाण्याचं बॅरल हाय. बाहात्तरचं."

१९७२ च्या दुष्काळात आत्याच्या गावी, आटपाडीकडे, आमची गाडी पाण्याची बॅरलं घेऊन जायची. रस्ता खडीचा आणि हिंदकळून पाणी सगळं केबिनमागे. पुढच्या वर्षी तळ गेला. तालुक्याच्या गावात तयार तळ कोण ठेवणार? मिस्त्रींनी फुटलेलं एक बॅरल उभं चिरलं, ठोकून सपाट केलं आणि त्याचाच तुकडा बसवला. दोनशे लिटरच्या बॅरलचा पत्रा साधारण एक मिलिमीटरचा असतो, म्हणजे गाडीच्या पत्र्याच्या जवळपास. निवड अगदी बरोबर होती.

जोड गॅसचा. तेव्हा गावोगावच्या गॅरेजात कार्बाइडची टाकी असायची. कार्बाइडच्या खड्यांवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि खाली चुना उरतो. तो लसणासारखा वास आमच्या पिढीच्या नाकात अजून आहे. स्वस्त कार्बाइड करायची रीत १८९२ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात योगायोगाने सापडली. ते लोक खरं तर ॲल्युमिनियमच्या मागे होते! ऑक्सिजनबरोबर ॲसिटिलीन जाळलं तर ज्योत ३,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पुढच्या दहा-बारा वर्षांत फ्रान्समध्ये तिचा टॉर्च तयार झाला. त्यातून असा धंदा उभा राहिला की ज्याला वीजसुद्धा लागत नाही. आमच्या गावाला तो कसा मानवला असेल ते वेगळं सांगायला नको.

आता प्रश्न होता की हे ठिगळ कापायचं का? मिस्त्रींनी पत्र्यावर पत्रा चढवून जोड दिला होता. अशा दुहेरी पत्र्याच्या फटीत पाणी शिरतं ते निघत नाही, आणि गंज आतून चालतो. डावीकडची कड पापडासारखी तुटत होती. उजवीकडेही बॅरलचंच ठिगळ निघालं, पण तिथे खालून डांबर फासलेलं होतं आणि पत्रा अजून खणखणीत होता. सडला होता तो त्याच्या पुढचा मूळ पत्रा.

मग ठरवलं की उजवीकडचं ठिगळ ठेवायचं, डावीकडचं काढायचं.

पुठ्ठ्याचा नमुना कापला, तो पत्र्यावर आखला, कातरीने कापला, कड अँगलवर वाकवली आणि कोपऱ्याची गोलाई वाळूच्या पोत्यावर लाकडी हातोडीने काढली. यात चार रविवार गेले. जोडाला मात्र मी घाई केली. सीओटू वेल्डिंगने एका दमात सहा इंच ओढत गेलो आणि पत्रा ताटलीसारखा खोल झाला. तापलेला पत्रा फुगायला बघतो, आजूबाजूचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही, म्हणून तो जागीच दबतो आणि निवताना आखडतो. पत्रा कापून पुन्हा सगळं नव्याने केलं. या वेळी कडेला कड लावली, एक टाका इथे, एक तिथे, मध्ये थांबायचं, हात लावून बघायचं. तरी पत्रा थोडा ओढलाच. गॅसचा जोड मऊ राहतो, हातोडी-डॉलीवर ठोकून पुन्हा ताणता येतो. सीओटूचा टाका कडक, त्याला हातोडी फारशी मानवत नाही. मिस्त्रींच्या जोडावर हातोडीचे ते बारीक ठसे का होते, ते मला तेव्हा कळलं.

त्यांची पद्धत चुकीची होती असं म्हणणं सोपं आहे. पण त्यांना गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर हवी होती. आटपाडीला पाणी पोचायचं होतं. ते ठिगळ पन्नास वर्षं टिकलं. माझं किती टिकेल ते बघायला मी नसेन.

परवा काका आले. ऐंशी ओलांडली आहे, गुडघे दुखतात. तरी केबिनमध्ये चढले. डाव्या पायाखालचा गुळगुळीत तळ बघून काही बोलले नाहीत. मग उजवीकडे वाकून ती वळी बोटाने चाचपली आणि म्हणाले, "हे बरं ठेवलंस."

डावीकडचा कापलेला तुकडा मी भंगारात घातला नाही. शेडमध्ये खिळ्याला लटकतोय. काय करायचं त्याचं, अजून ठरलेलं नाही.