इंडोनेशियातील वायांग बाहुलीनाट्य : प्रादेशिक शैलींचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

इंडोनेशियातील 'वायांग' या बाहुलीनाट्याचा उल्लेख भारतात बहुधा एकाच संदर्भात होतो. तो म्हणजे रामायण-महाभारताचा आग्नेय आशियातील प्रसार. इ.स. १९२६ मध्ये कलकत्ता येथे स्थापन झालेल्या 'ग्रेटर इंडिया सोसायटी'ने पुरस्कारलेल्या बृहत्तर भारताच्या कल्पनेने या दृष्टीला बळ दिले. परिणामी संस्कृत महाकाव्यांशी जुळणारे ते मूळ आणि न जुळणारे ते अपभ्रष्ट, अशी विभागणी रूढ झाली. वायांगच्या प्रादेशिक शैलींचा विचार केल्यास मात्र ही विभागणी टिकत नाही. या शैलींमधील भेद म्हणजे त्या त्या प्रदेशाचा राजकीय व धार्मिक इतिहासच होय, तसेच आज प्रमाण समजली जाणारी शैलीही इतिहासाच्या ओघात घडलेली आहे, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

प्राचीन परंपरा :

मध्य जावातील बालितुंग राजाच्या इ.स. ९०७ च्या लेखात देवांप्रीत्यर्थ केलेल्या वायांगचा व भीमाच्या कथेचा निर्देश आहे. अकराव्या शतकात म्पू कण्व या कवीने रचलेल्या 'अर्जुनविवाह' या जुन्या जावी काव्यात, बाहुली कोरीव कातड्याची आहे हे ठाऊक असूनही अश्रू ढाळणाऱ्या प्रेक्षकांचे वर्णन येते. म्हणजेच जावात इस्लामी सत्ता स्थापन होण्याच्या कित्येक शतके आधी ही कला रुजलेली होती. खेळाचा कर्ता 'दालांग' हा असतो. सर्व पात्रांचे संवाद, निवेदन, बाहुल्यांची हालचाल आणि गामेलान या वाद्यवृंदाला द्यावयाच्या खुणा ही सर्व कामे तो एकटाच पार पाडतो. पारंपरिक खेळ रात्रभर चालतो.

बाली व मध्य जावा :

बालीतील चर्मबाहुल्यांचे देह बरेचसे मानवी प्रमाणात असतात. पूर्व जावातील पनातरान मंदिरावरील चौदाव्या शतकातील शिल्पपट्टांशी त्यांचे साम्य स्पष्ट दिसते. मजापहित साम्राज्याच्या अस्तानंतरही बालीत हिंदू धर्म टिकल्याने तेथे जुने रूप जपले गेले. खेळाला 'गेंदेर' या चार वाद्यांची साथ असते आणि पडद्यामागे तेलाचा दिवा तेवतो. 'वायांग लेमाह' हा धार्मिक विधीचा प्रकार तर दिवसा, पडद्याशिवाय होतो. कारण तेथे मुख्य प्रेक्षक देव मानले जातात.

मध्य जावातील बाहुल्यांचे लांब नाक, अरुंद खांदे आणि पावलांपर्यंत पोहोचणारे हात मानवी देहापासून दूर जातात. मानवाकृतीविषयीच्या इस्लामी संकोचामुळे हा बदल झाला, असे परंपरा सांगते आणि त्याचे श्रेय सुनान कालिजागा या संताला देते. कथेतही नवे अर्थ आले. युधिष्ठिराचे 'कालिमासादा' हे दिव्य साधन इस्लामच्या कलम्याशी जोडले गेले. द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची पत्नी ठरली. सेमार हा देवतुल्य विदूषक तर संस्कृत महाभारतात नाहीच. तरीही जावी प्रेक्षकाला तो सर्वांत जवळचा वाटतो.

डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मध्यस्थीने इ.स. १७५५ मध्ये झालेल्या गियांती तहाने मातारामचे राज्य सुराकार्ता व योग्याकार्ता असे विभागले. राजकीय सत्ता आक्रसत गेली, तसे दोन्ही दरबारांनी आपले वेगळेपण कलांमधून जपले. सुराकार्ताच्या बाहुल्या सडपातळ, तर योग्याकार्ताच्या अधिक भरीव बांध्याच्या असतात.

पूर्व जावा, सुंदा व इतर प्रदेश :

पूर्व जावातील शैली दरबारी छायेपासून दूर, ग्रामीण भागात वाढली. मध्य जावातील खेळ संगीताच्या तीन 'पातेत'मध्ये विभागलेला असतो. येथे ते चार असतात. पश्चिम जावातील सुंदा प्रदेशात छायेऐवजी लाकडी, त्रिमितीय बाहुल्यांचा 'वायांग गोलेक' लोकप्रिय आहे. तेथील चेपोत हा लालतोंड्या विदूषक सद्यःस्थितीवर मनमोकळे भाष्य करतो. आसेप सुनांदार सुनार्या (१९५५-२०१४) या दालांगने बाहुल्यांच्या रचनेत नवे प्रयोग करून हा प्रकार तरुण पिढीपर्यंत नेला. चिरेबोन येथे सेवक-विदूषकांची संख्या नऊ आहे. लोंबोक बेटावरील 'वायांग सासाक'मध्ये पांडवांऐवजी पैगंबरांचे चुलते अमीर हमझा यांच्या कथा सादर होतात. केवळ महाकाव्यांच्या प्रसाराची चौकट या परंपरेला कशी अपुरी पडते, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

प्रमाणीकरणाची प्रक्रिया :

दालांगचे शिक्षण पूर्वी घराण्यातच, वडिलांकडून मुलाकडे होत असे. सुराकार्ताच्या दरबाराने इ.स. १९२३ मध्ये 'पाधासुका' आणि योग्याकार्ताच्या दरबाराने १९२५ मध्ये 'हाबिरांधा' ही दालांग-विद्यालये सुरू केली. पाठ्यक्रम ठरला आणि त्यासोबत शुद्ध-अशुद्धाची कल्पनाही दृढ झाली. पुढे नभोवाणी व ध्वनिफितींमुळे सुराकार्ता शैलीचा प्रभाव दूरवर पसरला. की नार्तोसाब्दो (१९२५-१९८५) यांनी विविध प्रदेशांचे संगीत एकत्र आणले, तेव्हा त्यांना लोकप्रियतेबरोबर शुद्धतावाद्यांची टीकाही लाभली.

युनेस्कोने ७ नोव्हेंबर २००३ रोजी वायांगला मानवतेच्या मौखिक व अमूर्त वारशाची श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले. इंडोनेशिया शासनाने २०१८ मध्ये हाच दिवस राष्ट्रीय वायांग दिन ठरविला. हा गौरव यथोचित आहे. परंतु 'राष्ट्रीय' रूप म्हणून एकच दरबारी शैली पुढे आल्यास छोट्या प्रदेशांतील शैली झाकोळण्याचा संभव आहे. प्रादेशिक बोलीत खेळ करणारा दालांग अंतरला, तर केवळ बाहुल्या संग्रहालयात ठेवून ती शैली टिकणार नाही.

निष्कर्ष :

१) भारतीय महाकाव्ये हा वायांगचा महत्त्वाचा कथास्रोत आहे, त्याचे रूप मात्र स्थानिक समाजांनी घडविले.

२) प्रादेशिक भेदांतून मजापहितचा वारसा, इस्लामचा प्रसार व वसाहतकालीन विभाजन यांचा इतिहास वाचता येतो.

३) 'प्रमाण' शैली ही दरबार, विद्यालये व प्रसारमाध्यमे यांची निर्मिती आहे, तिला मूळ मानून इतर शैलींना गौण ठरविणे इतिहासाला धरून नाही.

वायांगमध्ये केवळ भारताचे प्रतिबिंब शोधणाऱ्या अभ्यासकाला सेमार, चेपोत आणि अमीर हमझा दिसणार नाहीत. त्यांच्यावाचून या कलेचा अभ्यास अपूर्णच राहील.