कबुलीसौदा व अपिलाचा त्याग

आरोपीने गुन्हा कबूल करावयाचा आणि त्याबदल्यात सौम्य शिक्षा पदरात पाडून घ्यावयाची, अशा तडजोडीस कबुलीसौदा म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा सौद्यात पुढे अपील न करण्याची अट पुष्कळदा आरोपीकडून लिहून घेतली जाते. ही अट समजून व स्वेच्छेने मान्य केलेली असल्यास तेथील न्यायालये सामान्यतः तिची अंमलबजावणी करतात. मात्र अट मान्य करूनही आरोपीने सांगितल्यास वकिलाने अपिलाची नोटीस दाखल केलीच पाहिजे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने गार्झा वि. आयडाहो (२०१९) या खटल्यात ठरविले. भारतात आरोपीकडून असे काही लिहून घ्यावे लागत नाही. कायदाच अपिलाचा मार्ग बंद करतो.

या बंदीचे मूळ जुने आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४१२ अन्वये कबुली देणाऱ्यास दोषसिद्धीविरुद्ध अपील नव्हते. शिक्षेचे प्रमाण व वैधता यांबाबत मात्र ते करता येई. १९७३ च्या संहितेत (कलम ३७५) हीच तरतूद राहिली. कबुलीवरून उच्च न्यायालयाने शिक्षा दिली असल्यास मात्र अपील नव्हते.

सौदा मात्र न्यायालयांस मान्य नव्हता. मदनलाल रामचंद्र डागा वि. महाराष्ट्र राज्य (१९६८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याविषयी नापसंती व्यक्त केली. अन्नभेसळीच्या मुरलीधर मेघराज लोया वि. महाराष्ट्र राज्य (१९७६) या खटल्यात कबुलीनंतर झालेली अल्प शिक्षा उच्च न्यायालयाने वाढविली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालपत्रात अशा सौद्यांवर कठोर टीका केली. तथापि खरा अन्याय कोठे होतो, हे थिप्पेस्वामी वि. कर्नाटक राज्य (१९८३) या खटल्यात स्पष्ट झाले : सौम्य शिक्षेच्या आशेने कबुली घ्यावयाची व वरच्या न्यायालयाने ती शिक्षा वाढवावयाची, हे संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाशी विसंगत ठरले.

विधी आयोगाने १४२ व्या अहवालात (१९९१) सौद्यास अनुकूलता दर्शविली. २००५ च्या दुरुस्तीने संहितेत २१-अ हे प्रकरण घातले गेले व ते ५ जुलै २००६ पासून अमलात आले. सात वर्षांहून अधिक कारावासाचे गुन्हे, तसेच स्त्रिया व चौदा वर्षांखालील बालके यांच्याविरुद्धचे गुन्हे त्यातून वगळले होते. अर्ज स्वेच्छेने केला आहे काय, हे न्यायाधीश दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत आरोपीस विचारून पाहतात. कलम २६५-जी अन्वये अशा निकालावर अपील नाही; केवळ अनुच्छेद १३६ खालील विशेष अनुमती व २२६, २२७ खालील रिट अर्ज हेच मार्ग उरतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने (कलम २९५) ही तरतूद कायम ठेवली आहे.

त्याचा परिणाम काहीसा विचित्र आहे. पनवेल (जि. रायगड) येथील न्यायदंडाधिकाऱ्यापुढे एखाद्याने कोणताही सौदा न करता गुन्हा कबूल केला, तर शिक्षा फार झाली म्हणून त्यास सत्र न्यायालयात अपील करता येते. सौदा करणाऱ्यास तेही करता येत नाही. निकाल चुकला असे वाटल्यास त्यास थेट मुंबईस उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो. गरीब कच्च्या कैद्यास हे सहजसाध्य नाही. परंतु ही बंदी सरकार व फिर्यादी यांसही लागू असल्याने, अपील करून ठरलेली शिक्षा वाढवून मागण्याचा मार्ग त्यांनाही उरत नाही.