पिवळ्या पक्ष्याची चार वर्षं

३ जुलै २०२४ रोजी ‘कू’चे संस्थापक अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी निरोपाचं पत्र प्रसिद्ध केलं. मोठ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली होती आणि सेवा चालू ठेवण्याचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. २०२० मध्ये बंगळुरूहून उडालेला हा पिवळा पक्षी चार वर्षांतच थकला.

गाजावाजा झालेलं नवं समाजमाध्यम टिकतं का, या प्रश्नाचं उत्तर कूच्या गर्दीच्या तारखांमध्ये शोधता येतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनासंबंधीची खाती बंद करण्यावरून केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यात जुंपली. माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ट्विटरला द्यायचं उत्तर आधी कूवर टाकलं, मंत्र्यांनी तिथे खाती उघडली आणि मागोमाग लोकांची रीघ लागली. त्याच वर्षी जूनमध्ये नायजेरियाने ट्विटरवर बंदी घातली आणि तिथल्या सरकारने कूवर खातं उघडलं. २०२२ च्या अखेरीस इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर ब्राझीलमधले लोक कूवर आले. पोर्तुगीजमध्ये या नावाच्या उच्चाराचा अर्थ चारचौघांत सांगण्यासारखा नाही. त्या विनोदानेही गर्दी वाढवली.

तिन्ही वेळा लोक आले ते दुसरीकडच्या भांडणामुळे. घरी भांडून शेजाऱ्याकडे जेवायला आलेला माणूस जेवणाची स्तुती करतो. राग ओसरला की आपल्या घरी परततो. नायजेरियाची बंदी जानेवारी २०२२ मध्ये उठली. भारतात मंत्री कूवर आले खरे, पण ट्विटरही त्यांनी सोडलं नाही. मग त्यांच्या मागून आलेल्यांनी तरी का सोडावं?

याची चुटपुट लागते, कारण कूची मूळ कल्पना भांडणाची नव्हती, भाषेची होती. सुरुवात कन्नडपासून झाली. पुढे मराठीसह अनेक भाषा आल्या. एकच मजकूर एका वेळी अनेक भाषांत टाकण्याची सोयही होती. माझ्यासारख्या अनुवाद करणाऱ्या माणसाला तिचं अप्रूप वाटणारच. पण मजकूर भाषांतरित झाला म्हणून संवाद सुरू होत नाही. मराठी माणसाने कन्नड माणसाला उत्तर द्यावं, तर दोघांमध्ये आधी काही देणंघेणं असावं लागतं. ते जमायला वर्षं लागतात आणि गुंतवणूकदारांचा पैसा तेवढा थांबत नाही.

ऑर्कुटला ती वर्षं मिळाली होती. जानेवारी २००४ मध्ये ते सुरू झालं तेव्हा आमंत्रणाशिवाय प्रवेश नव्हता. लोक आले ते ओळखीच्या कुणीतरी बोलावलं म्हणून. भारत आणि ब्राझील या दोन देशांत ते खोल रुजलं. शाळेचे वर्गमित्र, गावचे लोक, एकाच लेखकाचे वाचक तिथे एकत्र आले. स्क्रॅपमधून ख्यालीखुशाली विचारली जाऊ लागली, बहुधा रोमन लिपीतल्या मराठीत. पुढे बरेच जण फेसबुककडे वळले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ऑर्कुट बंद केलं. सार्वजनिक समूहांचा संग्रह काही काळ ठेवला, मग तोही काढून टाकला.

म्हणजे टिकण्यासाठी आधी माणसांचं एकमेकांत गुंतणं लागतं. पण तेवढ्याने भागत नाही. जागेच्या मालकालाही त्यात रस उरावा लागतो. लिहिणाऱ्याच्या हाती यातलं पहिलंच असतं.

मराठीत नियतकालिकं बंद पडण्याची परंपरा जुनी आहे. लघुअनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी १९६९ मध्ये ‘सत्यकथे’ची जाहीर होळी केली, १९८२ मध्ये ते मासिक थांबलं. तरी त्याचे अंक आजही ग्रंथालयांत चाळता येतात, रद्दीच्या दुकानात अवचित हाती लागतात. छापील अंक जाळला तरी त्याच्या बाकीच्या प्रती कुणाच्या तरी कपाटात उरतात. ऑर्कुटवरच्या समूहाची दुसरी प्रत कुणाच्याच कपाटात नव्हती. आपल्या भाषेतले लोक तेव्हा एकमेकांशी कसं बोलत होते, हे पुढे कुणाला अभ्यासायचं झालं तर त्याने जायचं कुठे?

पुढचा पक्षी कुठल्या रंगाचा असेल ते सांगता येत नाही. तो आला की जरूर जावं, आपल्या भाषेत लिहावं, ओळखीच्यांना बोलवावं. लिहिलेल्याची एक प्रत मात्र घरी ठेवावी.